जिन्याखाली सहा जण

प्रिय सूनबाई,

हा शब्द लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला सांगू. कोर्टाच्या कागदावर तू आता माझी सून नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण पावणेदोन वर्षांत दुसरा शब्द तोंडात बसला नाही, आणि तुला नावाने हाक मारायची सवय मला पहिल्या दिवसापासूनच नव्हती. तेव्हा चालवून घे. पत्र कशाला, फोन का नाही, असंही तुला वाटेल. फोनवर मी अजून मुख्याध्यापिकेसारखी बोलते, असं तू एकदा म्हणाली होतीस. तेव्हा मला राग आला होता, पण ते खरं आहे. फोन केला असता तर दोन मिनिटांत मी तुला चार सूचना देऊन मोकळी झाले असते. आज मला कुणालाही सूचना द्यायच्या नाहीत.

आधी खुशाली. आम्ही चौघं सध्या न्हाव्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आहोत. दिवसभर खालून कात्रीचा आवाज येतो आणि त्याबरोबर गावभरच्या बातम्याही. तुझ्या सासऱ्यांना हे इतकं मानवलंय की गुडघा दुखत असूनही ते दिवसातून तीनदा खाली उतरतात. ऐकू येतं अर्धं, पण त्यामुळे बातमी दुप्पट रंगते. आपल्या घराचं वरचं छप्पर पूर्ण गेलं आहे, पुढची खोलीही राहिलेली नाही. बाकीच्या भिंती उभ्या आहेत. दुरुस्तीला दिवाळं निघेल की दिवस निघतील, ते बघू. माणसं शाबूत आहेत, आणि त्याबद्दलच लिहायचं आहे.

भिंगरीने तुला काय सांगितलं, याचा मी अंदाज केला आहे. गेल्या रविवारी ती तुझ्याकडून परत आली तेव्हा मी तिला विचारलं, "आईला सगळं सांगितलंस ना?" तर म्हणाली, "हो. वादळ आलं, मग गेलं." नऊ वर्षांची पोर, आणि ताकास तूर लागू देत नाही. हा गुण तिने तुझ्याकडून घेतला आहे, आमच्या घराण्यात तर सगळे ढोल बडवणारे. म्हणून ढोल मी बडवते. तू सावकाश ऐक.

तू लग्न होऊन आलीस तो दिवस मला आठवतो. नवी सून घरात आली की स्वयंपाकघर बघते, आपली खोली बघते. तू जिना बघितलास. जिन्याखालची ती अडगळीची खोली उघडून, आत वाकून, भिंतींवर हात फिरवून म्हणालीस, "आई, ही जागा छान आहे. घराच्या मधोमध आहे, खिडकी नाही." मला वाटलं, हिचं सामान फार असणार. पुढच्या वसंतात कळलं सामान कसलं ते. आमच्या गावाला मार्च-एप्रिलची वादळं काही नवीन नव्हती, पण आम्ही वादळाची तयारी म्हणजे खिडक्या लावणं समजत होतो. तू तिथे जुनी गादी ठेवलीस, डोक्यावर घालायला हेल्मेटं ठेवलीस, पाण्याचे कॅन, बॅटरीवरचा रेडिओ, सासऱ्यांची आठ दिवसांची औषधं, माझा जुना चष्मा, कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी, गळ्यात अडकवायच्या शिट्ट्या. दाराच्या आतल्या बाजूला तुझ्या अक्षरातली यादी. प्रत्येकाच्या पलंगाशी रात्री बंद बूट. आणि वसंतातल्या प्रत्येक रविवारी सराव, सगळ्यांनी हातातलं काम टाकून त्या बिळात शिरायचं. गल्लीत तुला 'भोंगाबाई' म्हणायला लागले होते, आठवतं? ते नाव कुणी ठेवलं याचा तू कधी शोध घेतला नाहीस. मी ठेवलं होतं. शेजारच्या शिवणकामवाल्या ताईकडे ब्लाउजचं माप द्यायला गेले होते तेव्हा, हसत हसत. आज लिहून टाकते, म्हणजे एक ओझं तरी उतरेल.

तू फायर ब्रिगेडच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेतेस, एवढं मला माहीत होतं. त्या फोनवर माणसं काय बोलतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. एकदा जेवताना माझा लेक तुझ्या यादीवर हसला. इमारतींचे नकाशे काढतो ना तो, त्यामुळे त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "नऊ इंची भिंती आहेत, काही होत नाही." तेव्हा तू ताटावरची नजर न उचलता म्हणालीस, "यादीतल्या प्रत्येक ओळीमागे एक फोन आहे." मग तू सांगितलंस. एका बाईला अंधारात चष्मा सापडला नाही, तिला जिनाच दिसला नाही. एक माणूस अनवाणी काचांवरून चालत मुलाला आणायला गेला. एक कुटुंब सुरक्षित होतं आणि एकजण पाकीट आणायला परत वर गेला. आणि मी, पस्तीस वर्षं याच टेबलावर उत्तरपत्रिका तपासलेली बाई, तुला म्हणाले, "ऑफिसचं काम घरी आणू नये." तू पुढे कधी काही सांगितलं नाहीस. बूट मात्र ठेवत राहिलीस.

तू गेल्यावर महिन्याभरात ती खोली मी पुन्हा भरून टाकली. रद्दी, मोडका पंखा, नकाशांच्या गुंडाळ्या. यादी मी स्वतः फाडली. फाडताना मला बरं वाटलं होतं, तेही सांगते. भिंगरी आमच्याकडे राहिली आणि तुझ्या वाट्याला महिन्याचे दोन रविवार आले. ते कुणाच्या शब्दावरून झालं, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. त्या विषयाकडे मी येते. मला थोडा वेळ दे.

यंदा फेब्रुवारीत सकाळी उठले की माझे बूट पलंगाशी दिसायला लागले. मी उचलून फडताळात ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मग माझा जुना चष्मा गायब झाला. भिंगरीला विचारलं तर म्हणाली, "हरवला नाही, जागेवर आहे." कुठल्या जागेवर, ते सांगेना. मग रद्दी कमी होऊ लागली. मी म्हटलं, घरात उंदीर शिरलाय, आणि तो वाचायला शिकलाय.

एका रविवारी दुपारी मी गच्चीवरून वाळत घातलेले कपडे काढायला गेले. एक चादर ओलीच होती, ती हातात घेऊन खाली येत होते. तुझे सासरे आणि माझा लेक दोघंही बाहेर गेले होते. जिन्याच्या वरच्या पायरीवरून मला भिंगरी दिसली. ती आजोबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी होती आणि खुर्चीशी बोलत होती. "आजोबा, उठा. माझ्या खांद्यावर हात ठेवा. घाई नको, पण थांबायचंही नाही." मग ती चालायला लागली. सूनबाई, ती त्यांच्या चालीने चालत होती. डावा पाय, मग क्षणभर थांबणं, मग उजवा. कुणी नसलेल्या माणसाला तिने जिन्याखाली नेऊन बसवलं. मग स्वयंपाकघराच्या दाराशी आली. "आजी, गॅस बंद केलास? चल मग. डबे राहू देत. आजी, डबे राहू देत म्हटलं ना." मला ती चांगलं ओळखून आहे. मग शेजारच्या ताईच्या बाजूच्या भिंतीशी जाऊन तिने तोंडाने हळूच तीनदा शिट्टीचा आवाज काढला. शेवटी जिन्यापाशी येऊन वर बघत म्हणाली, "बाबा, मी वीस मोजणार." मी भिंतीला चिकटून उभी राहिले. तिने खरंच वीस मोजले. कुणी आलं नाही. ती आत गेली, दार ओढून घेतलं, आणि आतून स्टॉपवॉचचा खटका ऐकू आला.

मी रडणाऱ्यातली नाही, तुला माहीत आहे. पण त्या चादरीचं पाणी पायऱ्यांवर कधी गळलं ते मला कळलं नाही, नंतर पुसावं लागलं.

भिंगरी बाहेर आली तेव्हा मी खाली बसले होते. म्हटलं, "हे कुणी शिकवलं?" तर म्हणाली, "आईने." मी म्हटलं, "तुझी आई जाऊन किती दिवस झाले!" त्यावर ती मला समजावून सांगायला लागली, एखाद्या मठ्ठ मुलीला सांगावं तसं. "आई रविवारी विचारते ना. आजोबांचा गुडघा कसा आहे विचारते. मग मी त्यांची वेळ वाढवते. आजीचा नंबर बदलला का विचारते. बाबांनी खोली बदलली का विचारते." एवढं बोलून ती खेळायला पळाली. मी तिथेच बसून राहिले. तुला महिन्यातून दोन दिवस लेक मिळते, आणि त्या दोन दिवसांत तू माझ्या चष्म्याचा नंबर विचारतेस. मी इतक्या महिन्यांत तुझ्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी सरावाला हजर झाले. पहिल्याच खेपेला आम्हाला चार मिनिटं दहा सेकंद लागली. भिंगरीने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "नापास." मला उभ्या आयुष्यात कुणी नापास केलं नव्हतं! मी कारणं सांगायला लागले, तर म्हणते, "वादळाला कारण सांगणार का?" हे वाक्य तुझं, मी ओळखलं. स्टॉपवॉच कुठून आलं, तेही त्या दिवशी कळलं. तुझ्या सासऱ्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करताना ठेवून घेतलेलं ते, नातीला गुपचूप देऊन बसले होते. घरातला फितूर तो. मी जाब विचारला, तर त्यांना नेमकं त्याच वेळी ऐकू येईनासं झालं.

मग आम्ही कामाला लागलो. भिंगरी पुढे आणि आम्ही दोघं मागे. गच्चीवरच्या कुंड्या खाली आणल्या. पाण्याच्या टाकीचं झाकण तारेने बांधलं. समोरच्या झाडाच्या घरावर आलेल्या फांद्या माळ्याकडून छाटून घेतल्या. औषधांच्या तारखा तपासल्या, तर निम्मी मुदत उलटलेली, बदलली. शिवणकामवाल्या ताईला मी स्वतः सांगायला गेले. तिचं बाळ आठ महिन्यांचं, नवरा जहाजावर, आणि तिच्या घराला मधोमध अशी जागाच नाही, सगळ्या खोल्यांना खिडक्या. मी म्हटलं, "शिट्टी तीनदा वाजली की बाळाला उचल आणि आमच्याकडे ये. मागचं दार उघडं असेल." तिने मशीन थांबवलं. म्हणाली, "बाई, तुम्हीच ना ते भोंगाबाई..." मी म्हटलं, "मीच ती. आता ये म्हणते तर ये."

लेक तेवढा बधेना. "आई, तूसुद्धा?" एवढंच म्हणाला आणि वर निघून गेला. मी त्याला दोष देत नाही. पालथ्या घड्यावर पाणी, पण तो घडा मीच पालथा ठेवलेला. मार्चअखेर आमची वेळ दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर आली. भिंगरीने आम्हाला 'साधारण' असा शेरा दिला.

तो मंगळवार उजाडला तोच अंगाला चिकटणारा. वारा गरम, आणि मध्येच एकदम पडायचा. दुपारी दोनला फोनवर इशारा आला, शाळांनी मुलं घरी सोडली, लेकही साइटवरून परतला. भिंगरी घरात पाऊल टाकताच कामाला लागली. फोन चार्जिंगला लावले, पाणी भरून घेतलं, बापाच्या मागे लागून गाडी झाडाखालून काढायला लावली. पावणेचारला आभाळाचा रंग बदलला. जुन्या तांब्याच्या भांड्याला चढतो तसा हिरवट रंग, मी तो आभाळात कधी पाहिला नव्हता. पहिल्या गारा पडल्या. त्या थांबल्या आणि सगळं इतकं शांत झालं की ताईच्या घरातलं शिलाई मशीन ऐकू येत होतं. चार वाजून दहा मिनिटांनी गावचा वादळाचा भोंगा झाला.

मी भांबावले, सूनबाई. एवढा सराव करून भांबावले. हात खरोखरच डब्यांकडे गेला. भिंगरी दारात उभी राहून म्हणाली, "आजी, डबे राहू देत." आवाज अगदी सरावातला. मी गॅस बंद केला आणि निघाले. तुझे सासरे तिच्या खांद्यावर हात ठेवून येत होते, डावा पाय, थांबणं, उजवा पाय. त्यांना भोंगा ऐकूच आला नव्हता. तिचा हात लागताच उठले होते, का म्हणून विचारलंसुद्धा नाही. तिने शिट्टी तीनदा वाजवली. ताई मागच्या दाराने आली, बाळ ओढणीने पोटाशी बांधलेलं, एका हातात अजून कात्री. कात्री मी तिच्या हातातून काढून घेतली.

लेक वरच्या गॅलरीत उभा राहून मोबाइलवर आभाळाचं चित्रीकरण करत होता. भिंगरी जिन्यापाशी गेली. मला वाटलं, ही आता वर धावणार, मी तिला धरायला पुढे झाले. ती गेली नाही. जिन्याच्या कठड्याला धरून ओरडली, "बाबा, मी वीस मोजणार. मग दार लावणार." तो वरून म्हणाला, "आलो, आलो, एक मिनिट." तिने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आकडे मोठ्याने, सरळ, एकाचाही सूर चुकला नाही. दहानंतर मात्र तिने कठडा दोन्ही हातांनी धरला. मी तिच्या मागे उभी होते आणि मला कळत होतं की ही पोर वीसला दार लावेल. तिच्यामागे आम्ही चौघं होतो आणि तिला आमची मोजणी पाठ होती. मी पस्तीस वर्षांत हजारो मुलं पाहिली. असं धैर्य मी पाहिलं नव्हतं. सोळाला वर काच फुटली. अठराला माझा लेक जिन्यावरून अक्षरशः कोसळत आला. तिने त्याला आत ढकललं, दार लावलं, आणि मगच रडली.

पुढचं काय सांगू? आवाज असा की तो कानाने ऐकला असं म्हणता येणार नाही, दातांत ऐकला. आम्ही सहा जण त्या बिळात, डोक्यावर गादी, गादीवर माझ्या लेकाचे दोन्ही हात. आता बाळ सोडून कुणी रडत नव्हतं. किती वेळ गेला ते विचारशील, तर भिंगरीने स्टॉपवॉच चालू ठेवलं होतं: एक मिनिट पन्नास सेकंद. मग पाण्याचा आवाज, मग काहीच नाही. दार उघडेना, बाहेर कपाट पडलं होतं. लेक धक्के मारायला लागला तर भिंगरी म्हणाली, "बाबा, थांबा. ते काम जवानांचं." आणि तिने शिट्टी वाजवायला घेतली. तीनदा, मग थांबायचं, मग तीनदा. बॅटरीच्या उजेडात तिने तुझ्या परगावच्या थोरल्या बहिणीला ठरल्याप्रमाणे संदेश पाठवला, "सहा जण. सगळे ठीक." तिने बापाचे बूटसुद्धा आत आणून ठेवले होते. तिने ते त्याच्यासमोर ठेवले. माझ्या लेकाला लेस बांधायला फार वेळ लागला.

सुमारे दोन तासांनी फायर ब्रिगेडच्या जवानांनी कपाट हलवून आम्हाला बाहेर काढलं. पुढच्या खोलीत झाड आडवं आलं होतं. जिथे तुझे सासरे रोज चार वाजता बसतात, तिथे बुंधा होता. घरभर काचा होत्या आणि आमच्या सहाही जणांच्या पायाला एक ओरखडा नव्हता. बाळाला तर ताईने स्वतःच्या हातावर घेतलं होतं. माझ्या लेकाने ते झाड पाहिलं, आपल्या नऊ इंची भिंतीतून आरपार गेलेलं.

जवानांचा जो प्रमुख होता, पिकलेल्या मिशांचा, त्याने वहीत लिहायला पत्ता विचारला. मी सांगितला. तो थांबला. म्हणाला, "हा पत्ता आमच्या कंट्रोल रूममधल्या बाईंच्या लेकीचा ना?" मग त्याने सांगितलं ते तू मला कधी सांगितलं नसतंस. आपल्या गल्लीवरून वादळ गेल्याची खबर चार वाजून वीस मिनिटांनी तुझ्याच फोनवर आली होती. साहेबांनी तुला उठायला सांगितलं. तू उठली नाहीस. तू त्यांना म्हणालीस, "माझ्या घरात तयारी आहे. ज्यांच्या घरात नाही त्यांचे फोन येताहेत." तुझ्या बहिणीचा निरोप तुझ्यापर्यंत पोहोचायला तासभर लागला, आणि त्या तासाभरात तू एक्केचाळीस फोन घेतलेस. तो माणूस अभिमानाने सांगत होता, जणू तू त्याची कुणी होतीस. मला म्हणायचं होतं, ती माझी सून आहे. जिभेवर आलेलं मी गिळलं, कारण माझा तो हक्क मीच घालवला होता. त्या संध्याकाळी पाळी संपवून तू शाळेच्या मैदानावर, जिथे आम्हाला नेलं होतं तिथे आलीस, गणवेशातच. भिंगरीला उचललंस, इतकी मोठी झाली तरी. मग माझ्याजवळ येऊन माझा चष्मा शाबूत आहे का ते पाहिलंस. मला एक शब्द बोलता आला नाही. आज अकरा दिवसांनी बोलते आहे.

तुला माहीत आहे मी कोर्टात काय सांगितलं होतं ते. समुपदेशक बाईंसमोर आणि मग न्यायाधीशांसमोर मी म्हणाले होते की माझ्या सुनेला भीतीचा आजार आहे, ती मुलीला जिन्याखाली अंधारात कोंडते, मुलीच्या मनावर परिणाम होईल. मुख्याध्यापिकाबाईंचा शब्द म्हणून तो कुणी तपासला नाही. मुलगी आमच्याकडे राहिली. मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, पण खरं काय आहे ते पाहण्याची तसदी घेतली नव्हती, आणि शिक्षिकेच्या बाबतीत ते खोट्यापेक्षा वाईट. गेल्या गुरुवारी मी कोर्टात जाऊन शपथेवर नवा जबाब लिहून दिला. जे पाहिलं ते सगळं लिहिलं, तारीख आणि वेळेसकट. शेवटी लिहिलं की मी आधी दिलेला जबाब चुकीचा होता, आणि ही मुलगी जिच्या हाताखाली अशी घडली तिच्याकडेच तिने राहावं. लेकाला मी आधी सांगितलं होतं. तो चिडला, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. गुरुवारी सकाळी मी पायी निघाले, तर त्याने न बोलता गाडी काढली. आत आला नाही, पण मी बाहेर येईपर्यंत तीन तास थांबला. तुझ्या वकिलांना प्रत मिळेलच. ती त्यांच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावी, म्हणून हे पत्र. भिंगरीला आम्ही काही सांगितलेलं नाही, ते तूच सांग. तिच्याशिवायचं घर कसं असेल त्याचा विचार मी करत नाही, तो माझा प्रश्न आहे. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला सुनावणी आहे. मला सगळ्यांसमोर उभं राहून हे पुन्हा बोलावं लागेल, आणि मी ते मोठ्याने बोलणार आहे, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. त्या दिवशी मी आमच्या बाजूला बसणार नाही. तुझ्या शेजारी माझ्यासाठी जागा धर.

तुझीच,
आई